लोसाच्या भुवया

गावात बातमी उठली की लोसा युनिव्हर्सिटीत वर्गात झोपते, म्हणून सर तिला शून्य देतात. चर्चच्या पाळकाच्या बायकोनं तर घोरूनही दाखवलं. (ते घोरणं आता मी तिच्यापेक्षा झकास काढते.)

साफ खोटं. माझी ही मामेबहीण पहिल्या बसनं जाते, पहिल्या रांगेत बसते आणि टक्क जागी असते. फक्त बोलत नाही. मेलबर्नहून आलेले ब्रेंडन सर विचारतात, "लोसा, वाचलंस?" ती भुवया उंचावते. आमच्या सामोआत तान्ह्या पोरालाही कळतं की याचा अर्थ 'हो'. सर वाट बघतात, घसा खाकरतात. "अं... बरं... दुसरं कुणी?" आणि वहीत भोपळा.

शिष्यवृत्तीला साठ गुण हवेत. तिचे झालेत छप्पन्न. उरलाय बोलण्याचा शेवटचा तास, पाच गुणांचा. शिष्यवृत्ती गेली की ऑस्ट्रेलियात सफरचंदं तोडायला. मामानं फॉर्मही आणून ठेवलाय.

"अगं, तोंडानं 'हो' म्हण ना!"

"म्हटलं की सांगतात, उभी राहून बोल. सर बसलेले आणि मी त्यांच्या डोक्यावर उभी? मोठ्यांचा असा अपमान? बाबांनी पाहिलं तर?"

"मामा काय खिडकीत बसलाय?"

"तू गप गं, पोपटीण."

त्या शेवटच्या तासाच्या सकाळी तिनं घासही घेतला नाही. मला शाळेची सुट्टी, म्हणून सोबत गेले. बसमध्ये तिचा घामेजला हात माझ्या हातातून निसटत होता. तिला हसवायला म्हटलं, "पैज! तू बोललीस तर महिनाभर रविवारची भांडी माझी."

हसली नाही. भुवया तेवढ्या उंचावल्या.

मी वर्गाच्या खिडकीच्या काचपट्ट्यांतून बघत होते. "लोसा, वाचलंस?" भुवया. सरांनी पेन उघडलं.

तेवढ्यात ती उठली, कमरेत वाकून पुढे गेली आणि सरांच्या खुर्चीसमोर जमिनीवर मांडी घालून बसली. मामा गावच्या बैठकीत बोलायला बसतो, अगदी तशी. आवाज आधी कापला, मग सुटला. वडिलांच्या मळ्यातले तारोचे, म्हणजे अळूचे, कंद का कुजतात, ते तिनं पुस्तकात वाचलेलं धरून सतरा मिनिटं सांगितलं. सर खुर्चीत चुळबुळले, आणि शेवटी तेही खाली बसले.

शुक्रवारी यादी लागली. ती डोळे झाकून उभी, वाचलं मी. साठ. एकही जास्त नाही.

रविवारी माझ्यापुढे सव्वीस ताटं.

"नीट घास, तळाला तेल राहिलंय," लोसा म्हणाली. चांगलं तोंडानं.