खाटेखालचा प्रॉम्प्टर

नाट्यमंडळ मोडलं तरी किस्से मोडीत निघत नाहीत. चार जण चहाला बसले की एकातून दुसरा निघतोच. आता आमच्यातले चार जण उरलेत कुठे म्हणा! तरी सांगतो.

सोलापुरात तेव्हा टीव्ही पोचला नव्हता. आम्हा गिरणी कामगारांचं दवाखान्याचं नाटक मात्र गाजत होतं. स्टेजच्या मधोमध लोखंडी खाट आणि तिच्यावर पेशंट, म्हणजे आमचा दत्तू. त्याचं पाठांतर यथातथाच, म्हणून मी प्रॉम्प्टर विंगेत न बसता थेट खाटेखाली! दत्तू वाक्य विसरला की अंगठीनं खाटेच्या दांडीवर दोनदा टकटक करायचा. मी खालून वाक्य सोडायचो.

*

करमाळ्याला भर प्रयोगात मला खाटेखाली शिंक आली. दत्तूनं बिचाऱ्यानं लगेच आपलं नाक पुसलं. डॉक्टर झालेला अंबादास आणखी वरताण. त्यानं दत्तूच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि गंभीरपणे म्हणाला, "सर्दी छातीत उतरलीय."

टाळ्या पडल्या. पुढच्या प्रयोगापासून शिंक नाटकातच घातली.

*

शेवटी पेशंट मरायचा. नातेपुत्याला पडदा पडल्यावर एक म्हातारी आत आली आणि अंबादासला धरून म्हणाली, "एवढं शिकलासा, पर एक मानूस वाचवाया आला न्हाय व्हय तुमाला?"

अंबादास सातवी नापास. तो तिच्या पाया पडला.

*

पुढं नाटक बंद पडलं. पण लोक विचारत राहिले, तेव्हा दुसरा भाग काढायचं ठरलं. आता मेलेला पेशंट परत आणायचा कसा? नाटक लिहिणारे मास्तर म्हणाले, "नाडी बघताना डॉक्टर चुकला, असं दाखवू."

अंबादास दोन दिवस तालमीला आला नाही. त्याच्या डॉक्टरकीला बट्टा लागत होता ना!

दत्तू मात्र जाम खूश. नव्या शेवटात तो उठून बसणार होता आणि म्हणणार होता, "डॉक्टर, मी उद्या घरी जाणार." एवढं एक वाक्य त्याला कधी नव्हे ते चोख पाठ होतं.

*

तालमी सुरू झाल्या आणि दत्तूला घास उतरेना. मेकअपवाला म्हणाला, आता ह्याला रंग कशाला लावायचा? सगळे हसलो. दत्तूही हसला.

मग सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. घशाचा आजार, फार पुढं गेलेला. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, आता काही होण्यासारखं नाही. दत्तूला कुणी सांगितलं नाही, पण त्याला कळलं होतं. मला एवढंच म्हणाला, "माज्या जागी दुसरा घिऊ नगा की. येतो मी."

आम्ही पोस्टरं छापून आणली, पण चिकटवायला कुणाचाच हात उठेना. देवावरचा माझा विश्वास त्या आठवड्यात उडाला, तो उडालाच.

*

मी भेटायला गेलो तेव्हा दत्तू अगदी तसल्याच लोखंडी खाटेवर होता. अंगठी सैल झाली म्हणून तिला दोरा गुंडाळला होता. मोठे डॉक्टर राउंडला आले आणि त्यांनी विचारलं, "काय दत्तोबा, कसं वाटतंय?"

दत्तूनं तोंड उघडलं. शब्द फुटेना. त्याचा हात हळूहळू खाली आला आणि दांडीवर टकटक झाली. दोनदा.

मी स्टुलावरून उठलो, वाकून खाटेखाली तोंड घातलं आणि वाक्य दिलं.

"डाक्टर," दत्तू म्हणाला, "मी उद्या घरी जाणार."