पापड पाण्याशी बसला होता

आभा, ईशान, हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. तुमच्या बाबांपाशीही नाही. पेणच्या या घरात प्रत्येक वस्तू जागच्या जागी असते, हे तुम्हाला ठाऊक आहे — ही एकच गोष्ट कुठे ठेवावी ते मला कळले नाही.

आधी हेव्याचे सांगते. मे महिन्यात तुम्ही आलात, आणि रोह्याजवळ वरसे गावात, छोट्या आजीकडे — माझ्या धाकट्या जावेकडे, कुसुमकडे — तुम्हाला ते पांढरे पिल्लू भेटले. पापड हे नाव तुम्हीच ठेवलेत. परत गेल्यावर दर रविवारी तुमचा फोन आधी वरशाला जाऊ लागला. कुसुम तांब्याला फोन टेकवून उभा करायची आणि पापडला समोर बसवायची. माझी पाळी येईपर्यंत तुम्ही जांभया देत असायचात. मी अभ्यासाचे विचारायची, तिकडच्या हवेचे विचारायची. तुम्ही म्हणायचात, "आजी, पापडने आज पाल धरली."

मांजराचा हेवा कुणी करते का? मी केला. आणि मांजराआडून कुसुमचा — जी मला विचारल्याशिवाय घरात नवा कुकरही आणत नाही. थोरल्या जावेला आधी विचारायचे, ही आमच्याकडची रीत. मला ती आवडायची, हेही लिहून ठेवते.

पावसाळा सरत आला होता. एका सकाळी कुसुमचा फोन आला. "ताई, पापड कालपासून काय खाय नाय. ओकला पन. पाण्याजवळ जाऊन बसतो, तोंड लावत नाय. डॉक्टरकडं नेऊ? रिक्षा दारात हाय." तिने फोन फिरवून दाखवला. वाटीच्या काठावर हनुवटी टेकून पापड बसला होता.

मी ओळखले. तुमचे बाबा कॉलेजात असताना आमची शामी मांजर अशीच बसली होती. तेव्हा डॉक्टरांनी मला सगळे समजावले होते — पॅनल्यूकोपेनिया, मांजरांचा पार्व्हो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. विषाणू मारणारे औषध नाही. पण लगेच सलाईन, ओकारी थांबवणारी इंजेक्शने आणि ऊब मिळाली तर काही पिल्ले तरतात. उशीर झाला की फारसे हाती राहत नाही. हे सगळे मला पाठ होते. मग मी काय म्हणाले?

"अगं, मांजरं करतात असं. केस गेले असतील पोटात. गवत खाईल, बरा होईल. दे रिक्षा परत पाठवून."

चुकून नाही बोलले. मनात रविवार होता — पापड नसलेला रविवार. तो मरावा असे वाटले का? तसे शब्द आले नाहीत. पण वाचावा असेही वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी कुसुमने मला न विचारता त्याला रोह्याला नेले. डॉक्टरांनी सलाईन लावले; म्हणाले, कालच आणायला हवे होते. संध्याकाळी पापड गेला.

त्या रविवारी मी मुद्दाम वरशाला जाऊन बसले. तुम्ही फोनवर रडलात. ईशान, तू विचारलेस, "छोटी आजी, लगेच का नाही नेलंस?" कुसुमने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाली, "माजंच चुकलं, बाला. मला वाटलं, केस गेलं असतील पोटात."

मी तिच्या शेजारीच होते — तुम्हाला दिसणार नाही अशी. गप्प बसले.

तेव्हापासून तुमचा फोन आधी माझ्याकडे येतो. हल्ली माझ्याकडेच येतो. मला आनंद झाला — तोही खरा होता.

परवाच्या रविवारी वरशाला गेले होते. कुसुम भाजी निवडत होती. समोर तांब्याला टेकवून तिचा फोन उभा होता, चार्ज करून ठेवलेला. तेवढ्यात तुमचा फोन वाजला — माझ्या पिशवीत. मी तो अंगणात जाऊन घेतला.