लावणीला आलेली माणसं

दहिवलीच्या पलीकडे, डोंगर जिथून चढायला लागतो तिथं ठाकरांची एक वाडी आहे. त्या वाडीतला पहिला मॅट्रिक म्हणजे जैतू पादीर. आश्रमशाळेत राहून शिकला, इंग्रजीत गटांगळ्या खाल्ल्या, शेवटी पास झाला, आणि सत्त्याहत्तर सालच्या जानेवारीत कर्जतला कृषी विद्यापीठाच्या भात संशोधन केंद्रात, तिथल्या ग्रंथालयात, शिपाई म्हणून लागला. वाडीत शिपाई म्हटलं की लोकांना पोलीसच आठवायचा. त्यामुळं जैतूच्या आईला, भागीला, घरोघर सांगत फिरावं लागलं की तो कुणाला धरणार नाही, पुस्तकं राखणार आहे.

"पुस्तकं काय पळून जात्यात व्हय?" तिचा थोरला दीर गोमा म्हणाला. पण पुतण्या सरकारी खुर्चीवर बसणार याचा आनंद त्यालाही झाला होता.

पहिल्या दिवशी जैतू निघाला तेव्हा भागी म्हणाली, "मी येते. लांबून बघीन नि परत फिरीन."

"मागनं कदी तरी ये गं," जैतू म्हणाला. "आज नको."

आणि तिनं का म्हणून विचारायच्या आत त्यानं वाट धरली.

ग्रंथालय म्हणजे कौलारू इमारतीतली एक लांब खोली. काचेची कपाटं, मधे मोठं टेबल, आणि मागच्या बाजूला ओळीनं खिडक्या. खिडक्यांच्या पलीकडे लगेच केंद्राची भाताची खाचरं लागत. कालव्याला पाणी सोडलेलं होतं आणि उन्हाळी भाताची लावणी चालू होती. ग्रंथपाल होत्या ओगलेबाई, रत्नागिरीकडच्या. चष्मा नाकावर, आवाज चढा, पण मनानं वाकड्या नव्हत्या. त्यांनी जैतूला पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा कसा वाचायचा ते दाखवलं.

"पुस्तक चोरीला गेलं तर निदान कळतं," त्या म्हणाल्या. "चुकीच्या जागी ठेवलं तर कपाटात असून नसल्यासारखं. समजलं? आता बैस त्या खुर्चीवर आणि या पुस्तकांवर शिक्के मार."

जैतू बसला. अंग चोरून, कडेला, पण बसला. शिक्का नीट सरळ उमटायला लागला तसा तो जरा मोकळा झाला. टेबलापाशी विद्यापीठातून आलेले दोन विद्यार्थी वाचत होते, इस्त्रीच्या कपड्यांतले. त्यातल्या एकानं सहज विचारलं, "कुठले तुम्ही?"

त्याला आजवर कुणी "तुम्ही" म्हटलं नव्हतं. जैतू म्हणाला, "दहिवलीचा."

वाडीचं नाव जिभेवर आलं होतं, ते त्यानं गिळलं. एवढंसं खोटं. विद्यार्थ्यानं मान हलवली आणि परत पुस्तकात डोकं घातलं. पण त्या एका "तुम्ही"नं जैतूला बरं वाटलं होतं, आणि पुढचं सगळं तिथूनच घसरलं.

ऊन चांगलं वर आल्यावर दाराशी चाहूल लागली. जैतूनं मान वर केली तर पायरीखाली भागी उभी. अंगावर लग्नाकार्याला नेसायचं हिरवं लुगडं, हातात फडक्यात बांधलेले उकडलेले करांदे, रानातले कंद. मागं काठी टेकत गोमा, आणि त्याच्या मागं जैतूची बहीण आवडी, केसांत आबोली माळलेली. तिघं उंबऱ्याच्या आत डोकावून बघत होती, जत्रेत पाळणा बघावा तशी.

"जैतू," भागी हळूच म्हणाली, "तुजी खुर्ची कंची रं?"

दोन्ही विद्यार्थ्यांनी वळून पाहिलं. त्यातला एक हसला. कदाचित कौतुकानंही हसला असेल. पण जैतूच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मागून ओगलेबाईंनी विचारलं, "कोण आहे रे?"

"लावणीला आलेली माणसं हायत, बाई," जैतू म्हणाला.

शब्द तोंडातून गेले आणि मग त्याला ऐकू आले. तो आईकडे बघत होता, म्हणून तिचा चेहरा त्यानं पुरता पाहिला. ती आधी बावरली. मग त्याच्या खांद्यावरून आत बाईंकडे तिची नजर गेली, इस्त्रीच्या कपड्यांकडे गेली, आणि तिला सगळं उमगलं. तिनं पदर डोक्यावर ओढला.

"व्हय, बाई," ती म्हणाली. "लावनीलाच आलो आमी."

"मग इथं काय? मुकादमाकडे जायचं," ओगलेबाई म्हणाल्या. "जैतू, ने त्यांना. येसाजीला माणसं कमी पडतायत म्हणून सकाळपासून ओरडतोय."

आता मागं फिरायला वाट उरली नव्हती. म्हणजे होती, तिथल्या तिथं "ही माजी आई" एवढं म्हणायचं होतं. ते तीन शब्द घशात घेऊन जैतू त्यांच्या पुढं बांधावरून चालत राहिला.

"अरं पर आमी तर..." गोमानं सुरुवात केली.

"गप ऱ्हावा, भावजी," भागी म्हणाली. "चला."

येसाजी मुकादमाला माणसं हवीच होती. त्यानं विचारपूस केली नाही, राबात वाढवलेली भाताची रोपं हातात दिली आणि खाचर दाखवलं. भागीनं करांद्यांचं फडकं बांधावर ठेवलं, हिरव्या लुगड्याचा ओचा वर खोचला आणि चिखलात उतरली. आवडीनं केसांतली आबोली काढून बांधावरच्या दगडाशी ठेवली. गोमाचा गुडघा दोन वर्षांपासून धरलेला होता. त्यानं काठी चिखलात रोवली आणि तो वाकला.

जैतू परत आला. पुसायची कपाटं नेमकी खिडक्यांच्या समोर होती. तो खिडक्यांकडे पाठ करून पुसू लागला तर काचेतही खाचर दिसायला लागलं. तीन वाकलेल्या पाठी. मधली हिरवी. थोड्या वेळानं ती हिरवी उरली नाही.

"कालपर्यंत या कपाटांवर बोट फिरवायची सोय नव्हती," ओगलेबाई म्हणाल्या. "हात चांगला आहे तुझा."

दुपारी जेवायच्या सुट्टीत तो पाण्याची कळशी घेऊन बाहेर पडला. एवढं तरी करावं असं त्याच्या मनात आलं होतं. बांधावर तिघं करांदे सोलून खात बसली होती. त्याच्यासाठी आणलेले करांदे. तो अर्ध्यावर गेला असेल नसेल, येसाजीनं हटकलं.

"तू लायब्ररीतला ना रं? इकडं कशाला? माणसांचं पानी माणसं बघतील. पँट चिखलात भरवशील उगाच."

भागीनं मान वर करून पाहिलं आणि लगेच दुसरीकडे वळवली, अनोळखी माणसापुढं वळवतात तशी. जैतू कळशी घेऊन तसाच मागं फिरला. त्या दिवशीच्या सगळ्यांत पुढं वर्षानुवर्षं त्याच्या काळजात काही रुतून राहिलं असेल तर ते हे मान वळवणं. ती त्याला शिक्षा देत नव्हती. त्याचं खोटं सांभाळत होती.

संध्याकाळी कुलूप लावून तो धावत निघाला, तेव्हा ती तिघं कालव्याच्या कडेनं बरीच पुढं गेली होती. गोमा फरपटत चालला होता. जैतूनं त्याला आधार द्यायला हात पुढं केला, तर गोमानं तो कोपरानं बाजूला सारला.

"सायबाचा हात मळंल," तो म्हणाला.

वाडी येईपर्यंत जैतू त्यांच्या चार पावलं मागून चालला.

वाडीत माणसं वाटच बघत होती. भागीच्या अंगणात शेजारपाजार गोळा झाला. म्हाताऱ्या सोनुबाईनं विचारलं, "बघितलीस का गं लेकाची नोकरी?"

"बघितली तर," भागी म्हणाली. लुगड्याचा चिखल वाळून कडक झाला होता. तिनं तो पदराखाली झाकून घेतला. "ह्ये मोठं टेबल. खुर्चीला दोन हात. बाईनं आमाला आत बसीवलं, चा दिला. जैतूनंच आनून दिला. मंग येताना पाय घसरून पडले मी बांधावरनं."

ती सांगत होती आणि बायका डोळे मोठे करून ऐकत होत्या. गोमा भिंतीला टेकून पायाला तेल चोळत होता. जैतूला आईचं ते सांगणं सहन होईना.

"खोटं हाय त्ये," तो म्हणाला. "चा नाय दिला. मी यांना आत घेतलं नाय. लावनीची माणसं हायत म्हून सांगितलं नि चिखलात लावलं."

एक बाई उठून गेली, मग दुसरी. सोनुबाईनं काठी उचलली, जैतूकडे बघितलं आणि ती चालती झाली. मन मोकळं केल्यावर हलकं वाटतं असं जैतूनं ऐकलं होतं. तसं काही झालं नाही.

सगळी पांगल्यावर भागी त्याच्यासमोर आली. दिवसभरात पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तू म्हनलास त्ये मी गिळलं," ती म्हणाली. "चार लोकांत तुजी लाज राखली. मग माजी का नाय राखलीस? आता वाडीत मला सगळी म्हनतील, हिच्या पोरानं हिला वळखली नाय."

खोटं बोलून जैतूनं तिला एकदा उघडं पाडलं होतं आणि खरं बोलून दुसऱ्यांदा. खरं बोलला होता तेही आपलंच ओझं उतरवायला, तिच्यासाठी नव्हे, हे त्याला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं ओगलेबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्यांना म्हणावं, मी बोलावलंय," एवढंच त्या म्हणाल्या. जैतूनं निरोप दिला. भागी "बघू" म्हणाली.

ती कधीच गेली नाही. कधी शेण काढायचं होतं, कधी पाय दुखत होते. गोमा मात्र होळीनंतर एकदा आपणहून कर्जतला आला, ग्रंथालयात शिरला, खुर्चीत ऐसपैस बसला आणि ओगलेबाईंनी मागवलेला चहा बशीत ओतून प्यायला. घरी जाऊन त्यानं भागीला सांगितलं, तू सांगितलेस तसे खुर्चीला हात नाहीत. भागी म्हणाली, असू दे.