कौतिकभाऊंची दुसरी फ्लॉपी

धुळ्याच्या पाचव्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, कौतिकभाऊंचा कॉम्प्युटर क्लास होता. क्लास म्हणजे एक खोली, तीन मशीन आणि एक पंखा. भाऊ आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आणि पंचेचाळिशीत पुस्तकं आणून स्वतःच कॉम्प्युटर शिकले. बायको वच्छलाबाई तीन वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी क्लासची पोरं निघून गेली की खोली खायला उठायची, म्हणून भाऊ उगाच एखादं मशीन चालू ठेवायचे. नुसत्या घरघरीचीही सोबत होते माणसाला.

धाकटा भाऊ तोताराम जळगावात होता, ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत नकाशे काढायला. एसटीने दोन-अडीच तासांची वाट, पण पाच वर्षांत तो एकदाच आला, वच्छलाबाईच्या दहाव्याला. पाहुण्यांत बसला आणि पाहुण्यासारखाच गेला.

कारण शेताची वाटणी. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं, अशी त्यांच्याकडची रीत. तोतारामची पोरं लहान, म्हणून भाऊंनी मुद्दाम विहिरीचा सगळा तुकडा एका वाट्यात घातला आणि दुसऱ्यात नुसती खडकाळ बरड ठेवली. म्हटलं, आंधळाही विहीरच उचलेल. पण तोताराम पडला हुशार. इतका उघड चांगला वाटा कोणी देतं का, विहीर आटत आली असणार, असं मनाशी धरून त्याने बरड उचलली. विहीर आजतागायत आटली नाही. गाव हसलं, तोतारामने बरड विकून टाकली आणि थोरल्याने आपल्याला फसवलं ही गाठ मनात पक्की बांधली. भाऊंनी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण माणूस मुलखाचा मुखदुर्बळ.

नव्याण्णव सालच्या फेब्रुवारीत, एका शनिवारी सकाळी, तोतारामच जिना चढून वर आला. जवळच त्याच्या सासुरवाडीला लग्न होतं, सोमवारपर्यंत मुक्काम. हातात कंपनीचा लॅपटॉप. त्यात विंडोज होतं, त्यावर त्याचे चार वर्षांचे नकाशे. नव्या कामाला लिनक्स ही दुसरी सिस्टिम लागणार होती, आणि जुन्याला धक्का न लावता ती टाकायची जबाबदारी जळगावात एकही जण घेईना.

"भाऊ, यामा दोन सिस्टिम टाकन्या शेतस. जुनं बठ्ठं जसं शे तसंच ऱ्हायनं पाहिजे."

"कोनले किती जागा देऊ?" भाऊंनी विचारलं.

तोताराम जरा थांबला. "तूच वाटा पाड," म्हणाला, आणि चहाला न थांबता उतरला.

भाऊंनी त्या दिवशी क्लासला सुट्टी दिली. आधी सगळे नकाशे केबल लावून आपल्या मशीनवर उतरवून घेतले. त्यात 'घर' नावाचा एक कप्पा होता. आत पुतण्यांचे फोटो असणार. पाहायचा फार मोह झाला, पण भाऊंनी तो न उघडताच उतरवला. मग डिस्कवर विखुरलेलं सामान एका बाजूला आणायला लावलं. पडद्यावर रंगीत चौकोन दुपारपर्यंत सरकत राहिले आणि भाऊ भाकरी हातात धरून बघत बसले. जागेची रेघ ओढायची वेळ आली तेव्हा मात्र बोट अडखळलं. पुन्हा काही चुकलं तर हा भाऊ कायमचा गेला, हे त्यांना ठाऊक होतं.

रविवारी दुपारी काम झालं. मशीन चालू केलं की ते आधी विचारायचं, विंडोज हवं की लिनक्स. एक चालू असलं की दुसरं गप्प. एका पेटीत राहून एकमेकांची गाठ नाही. भाऊंना हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

पुढेमागे विंडोज पुन्हा टाकावं लागलं, तर तो पहिला प्रश्न पुसला जातो आणि लिनक्स आतच अडकून पडतं. त्यासाठी एक फ्लॉपी करून ठेवावी लागते, ती लावून मशीन चालू केलं की लिनक्स उघडतं. भाऊंनी केली. फ्लॉपीचं आयुष्य ते किती? वर्षभरात खराब होईल, आणि तोताराम पुन्हा हा जिना चढेल. हा विचार भाऊंना इतका गोड लागला की त्यांची त्यांनाच लाज वाटली. एक बिघडली तरी त्याचं अडू नये म्हणून त्यांनी दुसरी फ्लॉपीही केली.

सोमवारी तोतारामने एकेक नकाशा उघडून पाहिला. सगळं जागच्या जागी. भाऊंनी दोन्ही फ्लॉप्या पुढे ठेवल्या.

"दोन कसाले? पहिलीमा काही खोट शे का?"

भाऊंनी एक फ्लॉपी लावली, मशीन चालू करून दाखवलं. मग दुसरी लावली, पुन्हा दाखवलं. दोन्ही चालल्या.

तोतारामने दोन्ही फ्लॉप्या उलटसुलट करून पाहिल्या. मग एक उचलून खिशात घातली आणि दुसरी भाऊंकडे सरकवली.

"हाई तुनाजोडेच ऱ्हाऊ दे. मन्ही बिघडनी तं येसू."

त्याच्या मनात अजून संशय होता, का परत यायला त्यालाही निमित्त हवं होतं, हे भाऊंना कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला भाऊ ती फ्लॉपी मशीनला लावून बघतात. चालते. जळगावची बस लागायच्या सुमारास जिन्यावर पाय वाजले की पोरांना शिकवता शिकवता मधेच थांबतात. दीड वर्ष होत आलं. तोताराम आलेला नाही. भाऊंनी काम इतकं चोख केलं होतं की त्याचीही फ्लॉपी अजून बिघडली नसावी.