सरांचा हात

वृंदगानाची तालीम मी मागच्या खुर्चीवरून पाहत होतो. संचालक देशमुखसर आयुष्यभर नव्या संगीतकारांच्याच रचना बसवत आले आहेत. जुनं गाणं गायकांच्या कानात असतं. नवं कुणीच ऐकलेलं नसतं. तिथे आधार फक्त संचालकाच्या हाताचा.

शेवटचा लांब स्वर आला. सरांनी डावा हात पुढे धरला आणि तो बोटांपासून थरथरू लागला. त्याच्याबरोबर सगळे आवाजही थरथरले.

गाणं थांबल्यावर मेधाताईंनी विचारलं, "सर, इथे कंप हवाय? कागदावर तर सरळ स्वर आहे."

"ताई, कागद कसला बघता? हात बघा!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

सर हसले नाहीत. खाली घेतलेला हात अजून थरथरत होता. तो त्यांनी दुसऱ्या हाताने घट्ट धरला.

"कंप हवाय," ते म्हणाले.

सगळ्यांनी पेन्सिलीने खूण केली. नव्या गाण्यात चूक ओळखणारं कुणी नसतं. हात गेला, तर सरांचं कामच संपणार होतं.

पुन्हा घेतलं तेव्हा सरांचा हात पूर्णपणे स्थिर राहिला. आवाज मात्र थरथरले.