जिल्दीच्या आतली बाई

माझ्या वडिलांना मासिकांचा शौक होता आणि आईला त्यांच्या मुखपृष्ठांचा. आम्ही बीडला, निजामाच्या मुलखात. मराठी मासिकं पुण्या-मुंबईकडून टपालानं यायची, तीही कधी भिजून, कधी दोन महिन्यांची एकदम. वडील आतला मजकूर वाचायचे. वरचं रंगीत चित्र त्यांच्या लेखी शेंगेचं टरफल. आईला अक्षरओळख नव्हती, पण वडिलांचं वाचून झालं की ती मुखपृष्ठ अलगद सोडवून घ्यायची, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवायची आणि दुपारी आम्हा मुलींसमोर सगळी चित्रं मांडून बसायची. अमक्या बाईची नथ उजवीकडं कशी, हेही तिच्या नजरेतून सुटायचं नाही. तिच्यासारखं चित्र बघणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

एका दिवाळीच्या अंकावर झोपाळ्यावर बसून वेणी घालणारी बाई होती. आई त्या चित्रावर लट्टू झाली. पण अंक वाचून व्हायचा होता आणि तेवढ्यात बहिणीच्या बाळंतपणासाठी तिला माहेरी जावं लागलं. ती परत आली तोवर वडिलांनी वर्षाचे सगळे अंक जिल्दसाजाकडून बांधून आणले होते. बांधताना मुखपृष्ठं काढायची, ही त्या कारागिरांची रीतच.

"तुमाला लई वाचता येतं, पर बघता येत न्हाई," आई म्हणाली आणि त्यांच्याशी बोलायचीच बंद झाली. वडील बिचारे मुकाट्यानं जिल्दसाजाकडं गेले.

"साब, पुठ्ठे के अंदर अस्तर तो लगानाच पडता," तो म्हणाला. जाड रंगीत कागद तो फेकत नसे, दुसऱ्या किताबांच्या पुठ्ठ्यांना आतून चिकटवायचा. झोपाळ्यावरची बाई अशीच कचेरीतल्या पेशकारांच्या घरी, उर्दू किश्शांच्या एका किताबेत जाऊन बसली होती.

आई मला घेऊन त्यांच्या जनान्यात गेली. वाटेत म्हणाली, "मागून आणीन. न्हाई दिलं तर हटून बसंन." आणि ती बसली असती, याची मला खात्री होती. पेशकारांच्या बीबींनी पान पुढं केलं. आईनं आडपडदा न ठेवता येण्याचं कारण सांगितलं. बीबी जराशा गोऱ्यामोऱ्या झाल्या. त्यांनी उशीखालून किताब काढली आणि पानं न चाळता थेट पुठ्ठाच उघडला. बाई तिथं होती. कडेनं कापली गेल्यामुळं झोपाळ्याची एक कडी तेवढी दिसत नव्हती.

"मेरेकू पढना नै आता," बीबी हळूच म्हणाल्या. "ये किताब मैं इसीच के वास्ते खोलती."

आई बराच वेळ चित्राकडं बघत राहिली. मग तिनं किताब मिटली, पदरानं पुसली आणि त्यांच्या हातात परत दिली.

"माज्याकडं आनखी हायेत," ती म्हणाली. "उद्या घेऊन येते."