आतोबांचा बिनवासाचा अनंत

डोळे मिटून बाग आखणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत एकच, आणि तो आमच्या वाट्याला आला. माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा. मी नोकरीसाठी पुण्याहून हिमायतनगरला राहायला आलो, तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही की जेवणाची सोय विचारली नाही. संध्याकाळचा वारा कुठल्या खिडकीतून येतो, एवढंच विचारलं. मला सांगता येईना, तेव्हा आत्याला म्हणाले, "शिकलेला पोरगा, पण वारा म्हाइत नै याला."

नवीन जागा बघायला गेले की आतोबा टेप काढत नसत, उदबत्ती काढत. ती पेटवून कोपऱ्याकोपऱ्यात उभे राहायचे आणि धुराच्या मागे मागे डुलत चालायचे. नल्लकुंट्याच्या एका घरमालकिणीला हे भूमिपूजनच वाटलं आणि बिचारीने नारळ आणून दिला. आतोबांनी तो फोडलाही. धूर जिथून घराकडे वळेल तिथे सुवासाचं झाड, हा त्यांचा कायदा. रातराणी कंपाउंडच्या लांबच्या टोकाला, कारण ती जवळ आली की डोकं उठवते. मोगरा बाकाशेजारी, बसणाऱ्याच्या हाताशी. दोन वास एकदम बोलू लागले की बागेचा बाजार होतो, असं ते म्हणत. नर्सरीत पानं न्याहाळणाऱ्यांची तर त्यांना कीव येई. दिसण्यावर जायचं नाही असं मला बजावून ते प्रत्येक कुंडीत नाक खुपसत.

म्हणून गेल्या वर्षी त्याच घरमालकिणीने फोन करून सांगितलं, की खिडकीखाली आतोबांनी नवीन लावलेल्या अनंताला वासच नाही, तेव्हा मला हसू आलं. आतोबांना स्कूटरवर घेऊन गेलो. झाड पांढऱ्या फुलांनी भरलं होतं. त्यांनी वाकून लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "आहे की. मंद आहे." मी वाकलो, तर काहीच नव्हतं. एक पान खुडलं आणि बोटांवर पांढरा चीक आला. अनंताला असा चीक नसतो. ती दुहेरी तगर होती, दिसायला अनंतासारखी आणि वासाच्या नावानं शून्य. हा फरक मला आतोबांनीच शिकवला होता. ते माझ्या बोटांकडे बघत बाकावर बसले.

"हिवाळ्यात ताप आला तवापासून कायच येत नै रे. चहाचा पण नै," ते म्हणाले. "आत्याला बोलू नक्को. लोकं मला नाकासाठी बोलावतात. नाकच गेलं तर मी काय कामाचा?"

माझ्या पोटात काही राहत नाही. त्याच संध्याकाळी बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या घरी मी आत्याला सांगून टाकलं. ती मेथी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "दूध करपलं तेव्हा हे गॅसपाशीच पेपर वाचत उभे होते. मला तेव्हाच कळलं. आपणहून सांगतील म्हणून थांबले." मी सांगितल्याचं कळल्यावर आतोबा दोन दिवस माझ्यावर रुसून होते. तिसऱ्या दिवशी आत्याच पायात चपला घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, चला, त्या बाईंचा अनंत बदलून द्यायचाय.

तेव्हापासून नर्सरीत ती वाकते आणि आतोबा समोर उभे राहतात. तिला वर्णन जमत नाही, 'चांगला आहे' यापलीकडे शब्द सुचत नाहीत. त्यांचं त्यावाचून अडतही नाही. ती डोळे मिटून श्वास घेते आणि ते तिचा चेहरा बघतात. त्या पहिल्या दिवशी खऱ्या अनंतापाशी ती जरा जास्तच वेळ थांबली. आतोबा पुढची कुंडी मागायचं विसरून तिच्याकडे बघत राहिले. इतका वेळ तिच्याकडे बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग हळूच मला म्हणाले, "हेच घे. येतोय मला."